माझं कुलूप तुटलं नव्हतं

मोताळ्यात आमचं घर एकाच प्लॉटवर दोन भागांत आहे. सासऱ्यांनी बांधलं तेव्हा ते एकच होतं. ते गेल्यावर डावा भाग आम्हाला आला, उजवा धाकट्या दिराला, आणि दोन्हींच्या मध्ये एक दार तेवढं राहिलं. त्याची कडी जावेच्या बाजूने होती. माझ्या बाजूने काहीच नव्हतं, म्हणून मी त्या दाराला कूलर टेकवून ठेवला होता. उन्हाळा सरला तरी तो तिथून हलायचा नाही.

जाऊ माझ्याहून बरीच लहान. सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मी खाजगी शाळेत मराठी शिकवते, तिथे पगार यायचा तेव्हा येतो. सासूबाई तिच्याकडे राहतात. कोणी विचारलं की म्हणतात, "तिकडं हवा चांगली लागते." भिंत एक, छत एक, आणि हवा तेवढी तिकडे चांगली.

टीव्हीचंही तसंच झालं. दसऱ्याच्या आधी दीर-जाऊ टीव्ही घ्यायला बुलढाण्याला निघाले, तर आम्ही नुसतं पाहायला सोबत गेलो. तिने दुकानातला सगळ्यात मोठा पसंत केला. मी नवऱ्याला कोपर मारून म्हटलं, "आपल्यालेबी तोच."

"आपली खोली केवढी, टीव्ही केवढा!" तो म्हणाला. पण माझं तोंड पाहून त्याने खिशात हात घातला.

विक्रेता वाढीव वॉरंटीही घ्या म्हणून मागे लागला. बिघडला तर दुरुस्ती, चोरी गेला तर नवा.

जावेने विचारलं, "चोरी म्हणजे कशी?"

"चोरी म्हणजे चोरी, मॅडम," तो हसला. मग माझ्याकडे वळला, "ताई, तुमचीबी करू का?"

ती मॅडम आणि मी ताई. दोघींच्या अंगावर सारख्याच कॉटनच्या साड्या होत्या. त्याला कशावरून कळलं, ते मला अजून कळलेलं नाही. मीही वॉरंटी घेतली.

पुढे संग्रामपूरला नात्यातलं लग्न निघालं आणि सगळं घर तिकडे गेलं. संध्याकाळी परत आलो तर जावेच्या दाराचं कुलूप तोडलेलं, कोयंडा लोंबत होता. तिचा टीव्ही गायब. माझं कुलूप जसंच्या तसं होतं. क्षणभर मला बरं वाटलं. मग दार उघडलं, तर माझीही भिंत रिकामी, आणि कूलर मधल्या दारापासून हातभर सरकलेला. चोर तिच्या घरात शिरले होते आणि तिच्याकडची कडी काढून, कूलर ढकलून माझ्याकडे आले होते. समोरच्या काकूंनी तर दोन माणसांना दोन्ही टीव्ही तिच्या दारातून टेम्पोत चढवताना पाहिलं होतं. त्यांना वाटलं, दुरुस्तीला नेऊन राह्यले.

पोलिसांना फोन झाला. ते आधी तिच्या बाजूला गेले. चोरी झालेलं घर, तरी ते नीटनेटकं दिसत होतं. माझ्याकडे कूलरच्या मागे वर्षभराची धूळ, पोरीच्या रबरांचे तुकडे आणि एक वाळलेली पोळी पडलेली. हवालदार तिचं घर पाहून आता माझं पाहणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी घाईघाईने झाडू मारला आणि कूलर आधी होता तसा दाराला लावून दिला.

हवालदाराने आल्यावर विचारलं, "हे मधलं दार?"

"ते बंदच असते," मी म्हटलं. "आमचा तिकडं काही संबंध नाही."

त्याने तसं लिहून घेतलं.

महिना उलटायच्या आत जावेचा नवा टीव्ही आला. मला वॉरंटीच्या कंपनीतून फोन आला की तुमचा क्लेम नामंजूर झाला. घर फोडून चोरी झाली असेल तरच भरपाई मिळते, आणि तुमच्या घरी जबरदस्तीने शिरल्याची खूण नाही. मी म्हटलं, शेजारच्या घराचं कुलूप त्याच चोरांनी तोडलं. बाई गोड आवाजात म्हणाली, "ते शेजारचं घर झालं ना, मॅम."

दुसऱ्याच्या तुटलेल्या कुलपाचा हेवा वाटावा, असं माझं झालं. सुताराने तिच्या दाराला नवा कोयंडा बसवला, पितळेचा, तर तोही मला खुपला. पण खरं दुखणं पोरीचं होतं. माझी मुलगी चौथीत. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि फाटकातून वळसा घालून काकूकडे, म्हणजे जावेकडे, पळायची. तिथे टीव्ही होता. मग कळलं की तिथे काकू तिची वेणीही घालून देते. एकदा जेवताना मला म्हणाली, "आई, काकू वरणात लसूण जास्त टाकते. तू काऊन नाही टाकत?"

त्या आठवड्यात मी कंपनीला दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. नवरा म्हणाला, "सोड आता." त्याच्यासाठी तो फक्त टीव्ही होता.

मी एकटीच बुलढाण्याच्या दुकानात गेले. तोच विक्रेता भेटला.

"एकाच दिवशी, एकाच चोरानं दोन्ही टीव्ही नेले," मी म्हटलं. "तिले भेटते, मले काऊन नाही?"

"मॅडमचं कुलूप तुटेल होतं, ताई. तुमचं शाबूत हाय. मंग चोर तुमच्या घरात आला कुठून?"

मला उत्तर माहीत होतं. ते दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर माझ्या तोंडून निघेना. चोर तिच्या घरातून आला, आमचं घर आतून जोडलेलं आहे, हे म्हणायचं म्हणजे आमचा संबंध आहे असं कबूल करायचं. मी तशीच बसस्टँडवर आले.

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना जावेने दोरीच्या पलीकडून विचारलं, "ताई, काय झालं तुमच्या क्लेमचं?"

"होईल."

"तुम्ही कूलरचं सांगतलं नं त्यायले?"

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "कोणतं कूलरचं?"

"त्या दिवशी तो सरकेल होता. मी मधल्या दारातून पाह्यलं. माह्या बाजूची कडीबी निघेल होती. मले वाटलं तुम्ही सांगतलंच असन."

मी टॉवेल झटकून दोरीवर टाकला. तिने विचारलं नाही की मग कूलर परत जागेवर कसा गेला. एवढं न विचारण्याचं शहाणपणही देवाने तिलाच दिलं होतं. त्याच दिवशी ती मला पोलीस स्टेशनला घेऊन गेली, पुरवणी जबाब द्यायला. हवालदार तिला पाहताच उठला. त्याच्या आईला तिनेच सलाईन लावलं होतं म्हणे. आम्हाला खुर्च्या मिळाल्या, चहा आला. आधी तक्रारीची नक्कल घ्यायला मी एकटी आले होते तेव्हा बाकड्यावर बसून राहिले होते. तिने कडीचं सांगितलं, मी कूलरचं, आणि समोरच्या काकूंनाही तिनेच बोलावून घेतलं. जबाबाची नक्कल कंपनीला गेली, तेव्हा कुठे त्यांनी अकोल्याहून पाहणी करायला माणूस पाठवला.

तो आला त्या दिवशी जावेने रजा टाकली. मी कूलर ओढला. खाली फरशीवर त्याच्या पायांचे दोन पांढरे ओरखडे होते. माणूस वाकून फोटो घेत होता. मग त्याने दार इकडून तिकडून उघडून पाहिलं.

"वॉरंटी दोन, वीजमीटर दोन," तो म्हणाला. "मंग हे एक घर कसं धरू मी?"

सासूबाई तिकडून आल्या होत्या, नवरा भिंतीला टेकून उभा होता. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"घर एकच हाय," मी म्हटलं. "जाणंयेणं असते."

"असते?" त्याने कूलरकडे पाहिलं.

जाऊ लगेच म्हणाली, "असते नं. पोरगी तर दिवसभर माह्याकडंच राह्यते. खाणंपिणं, अभ्यास, सारं इकडंच. विचारा तिले."

माझी मुलगी तिच्या पदराआडून म्हणाली, "हाव."

माणसाने मान हलवली आणि लिहायला लागला. माझं काम झालं होतं. मला मात्र तिथून उठून कुठेतरी जावंसं वाटत होतं. माझ्या बाजूने दिलेली सगळ्यात पक्की साक्ष ती होती, आणि तीच मला ऐकवत नव्हती. जावेने चहा केला. तो पिताना माणूस म्हणाला, "बरं हाय तुमचं. आजकाल जावा-जावा अशा राह्यत नाहीत." ती लाजून हसली. मी बशीकडे पाहत राहिले.

क्लेम मंजूर झाला. टीव्ही आला, त्याच आकाराचा. तो लावायला आलेला माणूस म्हणाला, या खोलीत इतका मोठा चालणार नाही, डोळे दुखतील. मी म्हटलं, तू लाव. शाळेतून आल्यावर पोरीला मी मुद्दाम रिमोट दिला. तिच्या आवडीचं चॅनल लावलं, शेंगदाण्याचे लाडू काढले. तिने एक लाडू खाल्ला, एक गाणं पाहिलं.

"मस्त हाय, आई," म्हणाली, आणि कूलर हटवल्यापासून उघड्याच राहिलेल्या मधल्या दारातून पलीकडे गेली.

मी हाक मारली नाही. रिमोट घेऊन बातम्या लावल्या आणि आवाज वाढवला, तिकडे ऐकू जावा इतका. कपाशीच्या भावाचं काहीतरी चाललं होतं. थोड्या वेळाने पलीकडून हसण्याचा आवाज आला. आधी पोरीचा, मग जावेचा, मग सासूबाईंचासुद्धा. परत हसल्या. मी टीव्हीचा आवाज कमी केला, आणखी कमी केला, आणि कशाला हसून राहिल्या ते ऐकू येतं का म्हणून कान देऊन बसले.