थेरॉनचं प्रकरण

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या त्या गावात थेरॉन प्युरिफाय नदीत बुडून मेला, असंच सगळे म्हणत. गोरे मोठ्यानं म्हणत, काळे खाली मान घालून. काळ्यांनी मत देणं तिथल्या गोऱ्यांना खपत नव्हतं, तरी एकोणीसशे त्रेसष्टच्या उन्हाळ्यात तो मतदार यादीत नाव घालायला कोर्टात गेला होता आणि त्याच आठवड्यात नदीच्या गाळात त्याचं प्रेत सापडलं. मासे धरताना पाय घसरला, असं शेरीफनं, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखानं, दारात येऊन सांगितलं. थेरॉनची आई आयडेला हिनं ते ऐकून घेतलं, "होय साहेब" म्हणाली आणि मुलाला पुरलं.

बहीण ओझेल तेव्हा शाळेत होती. आईचं ते "होय साहेब" तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. पुढे ती कॅटफिश मासे कापायच्या कारखान्यात लागली, लग्न केलं, ते मोडलं आणि पुन्हा आईच्याच घरी राहायला आली. थेरॉनचा विषय निघाला की आयडेला उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जाई.

तीसेक वर्षांनी राज्याच्या राजधानीतून, जॅक्सनहून, एक लेखिका आली. राज्यात दडपल्या गेलेल्या खुनांवर ती पुस्तक लिहीत होती. ओझेल तिला आईच्या नकळत भेटली आणि आठवत होतं ते सगळं बोलली. आयडेलाच्या कानावर ते गेलंच.

"घर जाळतील आपलं," ती म्हणाली. "तुझं काय, तू बोलून मोकळी झालीस."

"तू तेव्हा बोलली असतीस तर माझ्यावर ही पाळी आली नसती, माय."

त्यानंतर कितीतरी दिवस दोघींत कामापुरतंच बोलणं राहिलं.

पुस्तक छापून आलं. त्यात थेरॉनवर एक अख्खं प्रकरण होतं. आयडेलाला अक्षरओळख नव्हती. एका रविवारी चर्चहून आल्यावर ती मुलीसमोर खुर्ची ओढून बसली.

"वाच."

थेरॉनचं लहानपण, त्याची शाळा, कोर्टातली ती सकाळ, सगळं ओझेलनं वाचलं. पुढे तुरुंग आला; कोर्टातूनच शेरीफच्या माणसांनी त्याला तिथं नेलं होतं. तेव्हा शेजारच्या कोठडीत असलेल्या एका कैद्यानं लेखिकेला सगळं सांगितलं होतं. ओझेलनं पान उलटलं.

"दोन पानं एकदम उलटलीस," आयडेला म्हणाली. "मला वाचता येत नाही, दिसतं मात्र."

"नको ना, माय."

"अगं, त्याला शेवटची आंघोळ मीच घातली. बोटं मोडली होती त्याची. याच्याहून वाईट काय लिहिणार ती बाई?"

ओझेलला हे ठाऊकच नव्हतं. "तुला माहीत होतं? मग होय साहेब का म्हणालीस?"

"शेरीफची गाडी दारात होती. एक जण बंदूक मांडीवर घेऊन आत बसला होता. आणि तू अंगणात उभी होतीस, त्याच्या समोर."

ओझेलनं मागचं पान काढून सगळं वाचलं, काही न गाळता. आयडेलानं डोळे मिटून ऐकलं.

"त्यानं मला हाक मारली का?"

"तसं लिहिलेलं नाही, माय."

"मारली असणार," आयडेला म्हणाली आणि मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर ती बाकाला धरून उभी राहिली. "माझा पोरगा बुडाला नाही. त्याला मारलं," एवढंच बोलून ती बसली. शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

सरकारी वकिलानं चौकशी करतो म्हटलं. मग तो कैदी वारला आणि आता पुरावा उरला नाही असं उत्तर आलं. त्याच हिवाळ्यात आयडेला गेली.

पुस्तकात थेरॉनला मारणारे म्हणून ज्या दोघांची नावं आहेत त्यांतला एक कधीच मेला होता. दुसरा अजून गावातल्या आपल्या पेट्रोल पंपावर खुर्ची टाकून बसतो, येणाऱ्याजाणाऱ्याला हात करतो. ओझेल पेट्रोल भरायला पुढच्या गावी जाते.