या जेवायला

शेजारच्या खाटेवरच्या काकांनी डबा उघडला आणि सवयीने मला म्हणाले, "या जेवायला." लगेच त्यांनी जीभ चावली. माझ्या स्वादुपिंडाला सूज आलेली, तोंडाने पाणीसुद्धा बंद, हाताला सलाइन. "यावर नेमकं औषध अजून सापडलेलं नाही," डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, "शोध चालू आहे. तोवर स्वादुपिंडाला विश्रांती." नावातच स्वाद असलेल्या अवयवाला उपास! हसू आलं, पण सांगणार कुणाला? घरीही मी एकटाच जेवतो. ‘या’ म्हणणारं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी काका भिंतीकडे तोंड करून, डब्याचा आवाज न करता मुकाट जेवायला बसले. माझ्यासाठीच. मला भूक नव्हतीच. तरी त्या पाठीकडे बघत मी हळूच म्हणालो, "होऊ द्या सावकाश."