कूलरवाल्या साडूंची अमेरिकन वादळं

अमेरिकेच्या किनाऱ्यावर वादळ धडकलं, की त्याचा सर्वांत मोठा आवाज सोलापुरात आमच्या साडूंच्या घरून येतो, असं मी म्हटलं तर आमच्या नात्यातलं कुणी मला खोटं पाडणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचं कूलरचं दुकान आहे. समुद्र त्यांनी एकदाच, गोकर्णला पाहिला, तोही धोतर भिजेल म्हणून लांबून. पण वादळाचा डोळा, वादळाची शेपटी, ते कुठं वळणार आणि कुठं आपटणार, यावर ते असं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, वादळानं निघण्यापूर्वी यांना फोन केला होता.

अण्णांचं ठाम मत असं, की जग तापतंय वगैरे सगळं थोतांड आहे. हे मत सोलापुरात राहणाऱ्याला परवडणारं नाही आणि कूलर विकणाऱ्याला तर मुळीच नाही. एका एप्रिलात, डांबर चपलेला चिकटत होतं अशा दुपारी, कुंभारीहून एक जोडपं घाम पुसत दुकानात आलं. बाई म्हणाली, "औंदा लई ऊन हाय बघा, अण्णा." दुसऱ्या कुठल्याही दुकानदारानं मान डोलावून सर्वांत मोठा कूलर पुढं ओढला असता. अण्णा म्हणाले, "लई कुटं? ऊन हाय तेवढंच हाय. माणसं नाजूक झाली की." नवराबायकोनं एकमेकांकडं पाहिलं आणि समोरच्या दुकानातून कूलर घेतला. गल्ल्यावर आमच्या अक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, बसल्या होत्या. त्या कन्नडमध्ये जे बोलल्या त्याचं मराठी करण्याचं धाडस माझ्यात नाही. अण्णांनी मात्र तत्त्वासाठी गिऱ्हाईक सोडल्याचं समाधान चेहऱ्यावर घेऊन रुमाल ओला करून मानेभोवती गुंडाळला.

या मताला राजकारणाची फोडणी बसली ती लेक अमेरिकेत गेल्यावर. जावई मोहोळचे, नोकरी फ्लोरिडात, घर समुद्रापासून जवळ, पाळण्यात तान्हं बाळ. तिकडं एका पक्षाचे पुढारी म्हणतात, समुद्र तापल्यामुळं वादळं माजलीत. दुसऱ्या पक्षाचे म्हणतात, हे सगळं कारखाने बंद पाडायचं कारस्थान आहे. लेकीच्या राज्यात दुसऱ्या पक्षाचं वजन जास्त, असं कळताच अण्णा सोलापुरात बसून त्या पक्षाचे झाले. मी कारण विचारलं. "लेक ज्या गावात दिली, तितला पाटील तो आपला पाटील," ते म्हणाले, "यात इचार कसला करायचा?" जावई दर रविवारी फोन करत आणि सासऱ्यांच्या प्रत्येक वाक्याला "बरोबर हाय, मामा" म्हणत. असा जावई मिळायला पुण्य लागतं, असं अण्णा मला ऐकवत. मला स्वतःला जावई नाही, त्यामुळं मी ऐकून घेत असे.

विरोधी पक्ष म्हणजे भूगोलाचे एक निवृत्त प्राध्यापक. आम्ही त्यांना सर म्हणतो. सकाळी तलावाकाठी आम्ही तिघं फिरायला जायचो. दोघांची अमेरिका रोज फेरीच्या पहिल्या वळणावर सुरू होई. मराठीत मुद्दे संपले की अण्णा कन्नडमध्ये शिरत. सरांना कन्नड येत नसल्यामुळं तो भाग अण्णा जिंकत. एकदा मात्र सर चिडून म्हणाले, "तुम्हाला दुकानदारी कळते, अण्णा, हवामान नाही." अण्णा म्हणाले, "आन् तुमाला नकाशा कळतोय, माणूस न्हाय." बोलणं बंद झालं. दुसऱ्या दिवसापासून सर तलावाला डावीकडून आणि अण्णा उजवीकडून फिरू लागले. त्यामुळं पूर्वी शेजारी चालणारे दोघं आता प्रत्येक फेरीत समोरासमोर येत आणि तेवढ्यापुरते आकाशाकडं बघत.

असं चाललं असतानाच फ्लोरिडाकडं एक मोठं वादळ निघालं. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण अण्णांनी पुढं ते घरात कुणाला घेऊ दिलं नाही. मी दुकानात बसलो होतो. आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. लेकीचा फोन आला. आवाज रडवेला होता. "अण्णा, घरं सोडून जा म्हणून सांगितलंय इथं. शेजारचे निघाले. हे मात्र हलायलाच तयार नाहीत. तुम्हीच सांगा." अण्णांनी जावयाला फोनवर घेतलं. जावई हसत म्हणाले, "तुमीच म्हणताय की मामा, टीव्हीवाले फुगवून सांगतात. काय होत न्हाय. खिडक्यांना फळ्या मारल्यात."

अण्णांचा स्वतःचाच मुद्दा सात समुद्र फिरून त्यांच्यापुढं येऊन बसला होता. त्यांनी "मागनं फोन करतो" म्हटलं, दुकान अक्कांवर सोडलं आणि माझ्या स्कूटरवर मागं बसले. "सरांकडं घ्या," एवढंच म्हणाले.

सरांनी दार उघडलं. अण्णा उंबऱ्यातूनच म्हणाले, "सर, ते वादळ वाढंल का वो?"

सर त्या क्षणी काहीही बोलू शकले असते. त्यांनी चष्मा लावला, फोनवर नकाशा काढला आणि अण्णांना शेजारी बसवलं. "कशानं आलं ते सोडा," सर म्हणाले. "खालचं पाणी गरम आहे, म्हणजे जोर धरणार. वाऱ्यापेक्षा पाण्याची भीती जास्त. समुद्र घरात येतो. फळ्यांनी थांबत नाही. त्यांना आताच निघायला सांगा."

अण्णांनी तिथंच सोफ्यावर बसून फोन लावला. "जावईबापू, पोरीला आन् बाळाला घ्या आन् निगा."

"अवो पण मामा, तुमीच तर..."

"व्हय, मीच म्हणलो. माझं ऐकून तुमी ऱ्हायला न्हवं? मग आता माझंच ऐकून निगा. मी बरोबर का चूक, ते आपन मागनं ठरवू. गाडी काढा."

पलीकडं गाडीचं दार लागल्याचं ऐकू येईपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. सरांच्या पत्नीनं आणलेला चहा कपातच थंड झाला.

मंडळी आतल्या भागातल्या एका गावी सुखरूप पोचली. घर पडलं नाही, एवढंच. पुढं लेकीनं व्हिडिओ पाठवला. बाळाच्या पाळण्याच्या वर, भिंतीवर, पाण्याची मळकट रेघ होती. अण्णांनी तो पाहिला, फोन अक्कांकडं दिला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

आता अण्णा आणि सर पुन्हा एकाच बाजूनं फिरतात. अण्णांनी मत बदललं का, हे मला आजही सांगता येणार नाही. तसं त्यांनी कबूल केलेलं नाही. पण वाद गेला. सकाळी भेटले की ते फक्त सांगतात, "तिकडं आज ऊन पडलंय." किंवा, "तिकडं ढग हायत." सरांनाच चुकल्याचुकल्यासारखं होत असावं. परवा त्यांनी मुद्दाम काडी टाकली. "काय अण्णा, तुमच्या पक्षाचा पुढारी काल म्हणाला, वादळं शंभर वर्षांपूर्वीही यायची. बरोबर आहे की नाही?"

अण्णा चालता चालता थांबले.

"येत असतील की," ते म्हणाले. "पन तवा तितं आपली पोरगी न्हवती."