आर्वीच्या गाडीतल्या पोट्ट्या

गेल्या महिन्यात एका रविवारी ताई पवनारहून आमच्याकडे आली. सिंदी मेघेच्या फ्लॅटमधल्या टीपॉयवर मी माझं स्टेशन मांडलं होतं आणि वरून ओढणी टाकून ठेवली होती... पहिल्यांदा तिलाच दाखवायचं होतं.

स्टेशन म्हणजे मॉडेल. आमच्या गावच्या स्टेशनचं. पुलगाव-आर्वी ही छोटी लाइन बंद झाली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. मधे एका लग्नासाठी गावात गेले, तर रूळ गवतात दिसेनात आणि तिकीट मिळायचं त्या खोलीत कुणाच्या तरी शेळ्या बसलेल्या. परतीच्या वाटेवरच ठरवलं, स्टेशन आपण करायचं.

मग पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, एम-सील असं सगळं जमवलं. मी सेवाग्रामला लॅब टेक्निशियन आहे, बारीक कामाची सवय आहे. नवरा म्हणाला, "भिशीच्या बायका आल्या की चहाचे कप कुठं ठेवणार?" पण कौलांना रंग त्यानंच दिला.

कडुनिंब झाला, पिवळी पाटी झाली, कापसानं भरलेली बैलगाडी झाली. हिरवा झेंडा घेतलेला गार्ड, चहावाला, इंजिन आणि दोन डबे... मला तर वाटत होतं, आता काही म्हणता काही राहिलं नाही.

ओढणी काढली. ताई चष्मा सावरून खाली वाकली. कडुनिंबाला हळूच बोट लावलं आणि लहान मुलीसारखी हसली.

"थे गार्डभाऊ ना व? अस्सेच उभे राह्यचे, एक पाय पुढं टाकून!"

मी खूश. आत जाऊन चहा ठेवला. कप घेऊन बाहेर आले तेव्हा ती अजून तशीच वाकलेली होती, पण हसू गेलं होतं.

"आन् आमी कुठी आहो?" तिनं विचारलं.

"आमी म्हणजे?"

"आमी व... कॉलेजच्या पोट्ट्या. सकाळच्या गाडीनं आर्वीले जावो ना."

ताई कॉलेजात जायची हे मला माहीत होतं. पण घरात आई नेहमी सांगायची की ताईचं अभ्यासात मनच नव्हतं, म्हणून तिनं शिक्षण सोडलं. ताईनंही ते कधी खोडून काढलं नाही.

चहा निवत गेला आणि ताई बोलत राहिली. सुषमा, कल्पना, बेबी आणि ती. एकाच डब्यात बसायच्या. कल्पना मोठ्यानं वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. "गाडी अशी सावकाश चाले का आर्वी येईपर्यंत धडा संपून जाय. घरी कोन वाचू देते व? घरी काम. माहा सगळा अभ्यास गाडीतच झाला."

मग गाडी बंद झाली.

"लोकं म्हनत, एसटी आहे ना. पन एसटी फाट्यावर. संध्याकाळची बस कधी येईन, कधी नाई. बाबा म्हने, अंधारात पोरगी पऱ्हाटीच्या वावरातून एकटी कशी येईन? स्टेशन घरासमोर होतं, गार्डभाऊ ओळखीचे होते, म्हून तर पाठवत होते ना मले..."

सुषमाचे मामा आर्वीला होते. ती त्यांच्याकडे राहून बी.ए. झाली. बाकी तिघी घरी बसल्या. पुढच्याच उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं.

"मंग आई असं काऊन सांगे?" मी विचारलं.

"आता पाहुन्यायले काय सांगन थे? मन नोतं म्हटलं का पुढं कोनी इचारत नाई."

आणि मग तिनं अगदी सहज एक सांगितलं. माझी दहावी झाल्यावर मला वर्ध्याला मावशीकडे ठेवलं, तो निर्णय बाबांचा, असं मी आजवर समजत होते. बाबांचा फोटो पाहून मी कितीदा मनात त्यासाठी हातही जोडलेत. पण त्या वर्षी ताई मांडीवर पोर घेऊन माहेरी आली होती आणि हिला वर्ध्याला पाठवा म्हणून बाबांशी भांडली होती. ते हो म्हणेपर्यंत जेवली नव्हती.

"तू कधी बोलली नाई..."

"त्याच्यात काय बोलाचं?" असं म्हणून तिनं कप उचलला. "थंडा झाला. अजून मांड."

ती गेल्यावर मी चार पोट्ट्या करायला घेतल्या. दोन वेण्या, हातात पुस्तकं, एकीच्या खांद्याला शबनम. फलाटावर ओळीनं उभ्या केल्या आणि ताईला फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"अव, फलाटावर काऊन उभ्या केल्या? गाडीत बसव ना त्यायले!"

डब्याचं छप्पर मी पक्कं चिकटवून टाकलं होतं. ते ब्लेडनं कापावं लागलं, रंगही उडाला. आतमधे काड्यांची बाकं केली.

गावची गाडी गेली म्हणून मी इतकी वर्षं हळहळले. कुठं जुन्या रेल्वेच्या बोगद्याचा, पुलाचा फोटो दिसला तरी शेअर करायचे. आणि त्या गाडीसोबत माझ्या सख्ख्या बहिणीचं काय गेलं, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही... आज जी नोकरी करते, रिपोर्टवर जी सही करते, ती तिच्यामुळे. ताई फेसबुकवर नाही, म्हणून इथं लिहिते आहे. तिच्यासमोर म्हणायला गेले तर ती चहा मांडायला पाठवील.

सुषमा, कल्पना, बेबी बसल्या आहेत. ताईची बाहुली तेवढी मी बाजूला काढून ठेवली आहे. येत्या रविवारी ती येतेय... तिची खिडकी कोणती, ते तिचं तीच दाखवेल.