दोन लिटर जास्त

माझ्या मावशीला गाडी चालवता येत नाही. सायकल तिनं आयुष्यात एकदाच चालवली आणि ती थेट भाजीच्या दुकानात नेली. तरी गेली अकरा वर्षं युरोपातली एक भारी गाडी तिच्या ताब्यात आहे, आणि गाडीची तब्येत माझ्या तब्येतीपेक्षा बरी आहे.

गाडीचं नाव सांगत नाही. सांगितलं की लोक गाडीबद्दलच विचारत बसतात आणि मावशी राहते बाजूला. दोन दारं, इंजिन पाठीमागे, आत बसायचं तर आधी गुडघे पाठवायचे आणि मग उरलेले आपण जायचं, एवढं पुरे.

मावशी शिवणकाम करते. गाडीच्या मालकांनी, त्यांना सगळे साहेबच म्हणतात, तिला बोलावलं होतं ते गाडीचं कव्हर शिवायला. विकतच्या कव्हरानं रंगावर ओरखडे पडत होते. मावशीनं टेप काढली आणि एखाद्या बाईची मापं घ्यावीत तशी गाडीची घेतली: खांदा, कंबर, घेर. आतून मऊ सुती अस्तर लावलं, आरशांना वेगळे खिसे केले, आणि एकही शिवण रंगाला टेकू दिली नाही. पुढे साहेबांना नोकरीसाठी दुसऱ्या देशात जावं लागलं. गाडी कुणाच्या भरवशावर ठेवायची असा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी मावशीला विचारलं. ड्रायव्हर का नाही ठेवत, असं कुणीतरी म्हणालं, तर साहेब म्हणाले, ड्रायव्हर ठेवला तर तो गाडी चालवेल.

गॅरेजला लागून एक खोली आहे. ती मावशीला राहायला मिळाली. खोलीत तिचं शिलाई मशीन, कपाट, पलंग, भिंतीपलीकडे गाडी. मधल्या दारातून मशीनवर बसल्या बसल्या गाडी दिसते.

साहेबांनी गाडीचं जाडजूड पुस्तक मराठीत करून घेतलं होतं. मावशीनं ते कपडा बेतायचा कागद वाचावा तसं वाचलं, म्हणजे कागदावर जिथे रेघ तिथेच कात्री. दर रविवारी ती सीटवर धुतलेली चादर अंथरून बसते, गाडी सुरू करते, आणि तेल तापल्याचा काटा वर येईपर्यंत तिथेच काज-बटणं करते. मग बंद करून, न्यूट्रलमध्ये टाकून, मागून कमरेनं ढकलून गाडी अर्ध्या चाकाएवढी पुढे नेते. पुढच्या रविवारी मागे. एकाच जागी उभी राहिली तर टायर तळाशी चपटे होतात. चाक किती फिरलं हे कळावं म्हणून टायरवर शिवणाच्या खडूनं खुणा. बॅटरीला चार्जर. दर दोन वर्षांनी ब्रेकचं तेल. आणि हे सगळं तारखेनिशी एका वहीत.

आता माझ्याबद्दल. मी ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला आहे. कुठून केला हे विचारू नका, त्या कॉलेजात एक इंजिन होतं आणि ते काचेच्या कपाटात होतं. सध्या मी एका स्कूटरच्या शोरूममध्ये जॉबकार्ड लिहितो. ‘ब्रेक वाजतो’, ‘आरसा हलतो’ अशी वाक्यं माझ्याइतक्या सुबक अक्षरात कुणी लिहीत नाही. मावशी मला ‘इंजिनिअर’ म्हणते. बरीच वर्षं मला वाटायचं, कौतुकानं म्हणते.

त्या आठवड्यात तिचा फोन आला. साहेब शनिवारी साडेअकराला येणार होते, चार वर्षांनी. त्यांची मुलगीही बरोबर येणार होती. मुलीचं म्हणणं, गाडी विकून टाकावी आणि गॅरेज-खोली भाड्यानं द्यावी. उगाच कशाला जीव अडकवून ठेवायचा. साहेबांचं म्हणणं, मी ती एकदा चालवून बघतो, ठीक चालली तर राहू दे. म्हणजे गाडी गेली तर खोली गेली. त्यात वार्षिक तेलबदल अजून व्हायचा होता. दर वर्षी येणाऱ्या मेकॅनिकचा मणका सरकला होता आणि त्याच्या वर्कशॉपनं तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली होती.

“तू येशील का?” मावशीनं विचारलं. “मी सांगेन तसं करायचं फक्त.”

पहिलं वाक्य मी ऐकलं. दुसरं ऐकल्यासारखं केलं.

शुक्रवारी दुपारी पोचलो. सगळी तयारी मांडून ठेवलेली: तेलाचे एकेक लिटरचे बारा डबे, नवा फिल्टर, नवी वॉशर, हातपुसणी घड्या घालून. पाना कुठला लागेल तो वेगळा काढून त्याला दोरा बांधलेला. ऑपरेशनला आलेल्या मोठ्या डॉक्टरासारखं वाटलं मला. गाडीखाली सरकताना कपाळ आपटलं ते सोडून देऊ.

काम खरं तर चांगलं झालं. मावशीनं आधी इंजिन तापवायला लावलं, कारण गरम तेल तळापर्यंत उतरतं. जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, बूच बसवलं, नऊ डबे ओतले. नऊच, पुस्तकात तसंच होतं. मग मावशी म्हणाली, आता सुरू कर, काटा वर येऊ दे, आणि इंजिन चालू ठेवूनच तेलाची काडी बघ.

इथे माझ्या डिप्लोमानं डोकं वर काढलं. तेल मोजायची काडी चालू इंजिनात कोणी घालतं का? गाडी बंद करायची, तेल खाली बसू द्यायचं, मग काडी. पहिल्या सहामाहीत शिकवतात हे, आणि पहिली सहामाही मी खरोखर पास झालो होतो. पुस्तकात चालू इंजिन लिहिलंय, असं मावशी म्हणाली. मी म्हणालो, भाषांतरात घोटाळा झाला असेल. शिवाय समजुतीच्या सुरात म्हणालो, की मशीनचं तू बघ, इंजिनचं मला बघू दे.

ती मशीनवर जाऊन बसली. आता आठवतं, तिनं दोरा तोडला तो दातानं. एरवी कात्री वापरते.

शनिवारी सकाळी ती ब्रेड आणायला गेली. मी विचार केला, रात्रभर तेल मस्त खाली बसलं असेल, आता काडी बघू. काडी काढली तर कोरडी. पुसून पुन्हा घातली, पुन्हा कोरडी. असंच सुरू केलं असतं तर इंजिन जळालं असतं. मग लगेच अभिमानही वाटला, की बघा, वेळेवर लक्षात आलं म्हणून वाचलो. एक डबा ओतला. काडीच्या टोकाला जेमतेम ओल. दुसरा ओतला. आता बरं दिसत होतं. रिकामे डबे मी इतर डब्यांत मिसळून ठेवले. का मिसळले, हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, म्हणजे कारण मला माहीत होतं.

साडेनऊला मावशीनं चादर अंथरली आणि गाडी सुरू केली. दहा मिनिटं छान. काटा वर चढला, आणि मागून निळसर पांढरा धूर यायला लागला. आधी एक बोटभर, मग अख्खं गॅरेज भरलं. समोरच्या इस्त्रीवाल्यानं दुकानातूनच विचारलं, काय जळतंय का. मावशीनं किल्ली फिरवली. खाली उतरली. माझ्याकडे बघितलं.

“किती?”

“किती काय?”

“किती घातलंस?”

“एक,” मी म्हणालो.

तिनं डब्यांकडे नुसती नजर टाकली. घेराचं माप नजरेनं सांगणारी बाई ती. “अकरा रिकामे आहेत.”

मग तिनं मला समजावलं, आणि ते मला डिप्लोमाच्या तीन वर्षांत कुणी असं समजावलं नव्हतं. या गाडीत तेल इंजिनाच्या पोटात राहत नाही, त्याला शेजारी वेगळी टाकी आहे. इंजिन चालू असलं की तेल खेचून टाकीत येतं. बंद करून ठेवलं की हळूहळू इंजिनात उतरतं आणि टाकी रिकामी दिसते. काडी टाकीत असते.

“मशीनचा कापड दाबणारा पाय उचललेला असला की दोरा ढिलाच लागतो,” ती म्हणाली. “तेव्हा ताण बघून स्क्रू पिळणारी माणसं असतात. त्यांना मी शिवण शिकवत नाही.”

साहेब यायला दोन तास होते. मी म्हणालो, तळाचं बूच काढून थोडं सोडू. ती म्हणाली, आणि गरम तेलाच्या धारेत बूच परत लावणार कोण, तू? तिनं कपाटातून ब्रेकच्या तेलासाठी आणलेली मोठी सिरिंज काढली, तिला पारदर्शक नळी जोडली. नळी टाकीत सोडायची, शंभर मिली खेचायचं, डब्यात सोडायचं. वीस वेळा. मोजायचं काम तिनं माझ्याकडे दिलं नाही. मी खेचत होतो आणि ती दर वेळी खडूनं फरशीवर एक रेघ ओढत होती. मधेच मी “चौदा ना?” म्हणालो, तर पंधरा होते.

जास्तीचं तेल हवेच्या फिल्टरपर्यंत पोचलं होतं. तो चिंब. नवा आणायला वेळ नाही. तिनं पलंगाखालून खोकं ओढलं. त्यात गेल्या वर्षी काढलेला जुना फिल्टर होता, जुन्या ओढणीत गुंडाळलेला, वर तारखेची चिठ्ठी. तिच्या या न टाकण्याच्या सवयीची मी गेली दहा वर्षं टिंगल करत आलो होतो. तो फिल्टर मी अतिशय आदरानं बसवला.

मग गाडी पुन्हा तापवली. इंजिन चालू ठेवून, मावशीच्या देखरेखीखाली, मी काडी काढली. तेल दोन खुणांच्या बरोबर मधे. धूर अजून थोडा येत होता, नळ्यांत उरलेलं जळत होतं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मावशीनं वही उघडली. तारीख घालून लिहिलं: तेल नऊ लिटर, फिल्टर नवा. शनिवारी सकाळी दोन लिटर जास्त घातलं गेलं, चूक. काढलं. हवेचा फिल्टर भिजला, जुना लावला, नवा आणणे.

मी तिच्या हाताला धरलं. म्हणालो, हे आज नको, ते गेल्यावर लिही. तुझी खोली जाईल अशानं.

“वही माझी नाही,” ती म्हणाली. “गाडीची आहे.”

साहेब आले ते काठी टेकत. मुलगी मागे, फोनवर. साहेबांनी घडी करून ठेवलेल्या कव्हरवरून हात फिरवला, टायरवरच्या खडूच्या खुणांना हसले, आणि सवयीनं वही मागितली. उभ्या उभ्या शेवटचं पान वाचलं. मावशीनं ‘घातलं गेलं’ असं लिहिलं होतं. कुणी घातलं, ते लिहिलं नव्हतं. ते मला तेव्हा, त्यांच्या खांद्यावरून वाचताना दिसलं.

“बाई,” साहेब म्हणाले, “अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.”

मावशीनं मान डोलावली. मुलीनं फोन खाली घेतला आणि गॅरेजात अजून तरंगणारा धूर कुठून आला ते बघायला लागली. तिला हवं होतं ते कारण तिच्या पुढ्यातच होतं. आणि मला कळलं, की मी आणखी दोन सेकंद गप्प राहिलो तर मावशी आयुष्यभर ते स्वतःवर घेईल आणि वर मला जेवायलाही वाढेल.

“ते मी केलं,” मी म्हणालो. “हिनं सांगितलं होतं चालू इंजिनात बघ. मी ऐकलं नाही.”

“तुम्ही कोण?”

“भाचा. ऑटोमोबाईल डिप्लोमा.”

चूक कबूल करताना शिक्षण सांगायची काही गरज नव्हती, पण तोंडातून गेलं. मुलगी हसली. मला त्याचंही वाईट वाटलं नाही. निदान धुरावरून नजर तर हटली.

साहेबांनी वही मिटून मावशीच्या हातात दिली, काठी माझ्या हातात दिली, आणि गाडीत बसले. मुलगी शेजारी. गाडी बाहेर पडली. मी काठी धरून उभा. मावशी मशीनवर जाऊन बसली आणि पायपट्टी हलवू लागली. एक अख्खी पायजम्याची बाजू तिनं शिवली, मग मी बघितलं तर सुईत दोराच नव्हता. मी सांगितलं नाही. त्या दिवशी मी बऱ्याच गोष्टी सांगायच्या सोडल्या.

पाऊण तासानं आवाज ऐकू आला. गाडी आत आली, धूर नव्हता. मुलीचे केस विस्कटले होते आणि फोन कुठे दिसत नव्हता. साहेब बाहेर यायला बराच वेळ लागला. मी काठी दिली. त्यांनी मागच्या टायरवर ती टेकवली.

“पुढच्या वर्षी टायर बदलून घ्या, बाई. नक्षी चांगली आहे, पण रबर म्हातारं झालंय.”

“लिहिलंय,” मावशी म्हणाली. “तीन वर्षं लिहितेय. तुम्ही शेवटचं पानच वाचता.”

पुढच्या वर्षी म्हणजे पुढचं वर्ष होतं. एवढंच मी ऐकलं. मावशीनं किल्ली घेतली, खिळ्याला लावली आणि सुईत दोरा ओवला. पहिल्या प्रयत्नात गेला नाही.

साहेब जाताना वही पुन्हा मागून घेऊन त्यात एक ओळ लिहून गेले. अक्षर वाईट, पण वाचता येतं: भाच्यानं काडीला हात लावायचा नाही.

दर वर्षी तेलबदलाला मी अजूनही जातो. मेकॅनिकचा मणका बरा झालाय, तो काम करतो, मावशी सांगते. मी रिकामे डबे मोजतो आणि आकडा मोठ्यानं म्हणतो. तरीही मावशी एकदा वळून मोजून घेते.