जानकीबायचा अर्धा धवला

जानकीबाय कधी गुणगुणत नसे. आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी पाटी मांडून पापलेट कापताना एखादी ओळ ओठांवर आलीच, तर ती बोटं पाण्यात बुडवून गळ्याला लावायची आणि गप्प व्हायची. आत कोणीतरी उठून उभं राहिलंय आणि त्याला पुन्हा खाली बसवतेय, असं वाटायचं.

वेसाव्याच्या कोळीवाड्यात ती धवलारीण होती, म्हणजे लग्नाच्या हळदीत धवला गाणारी. या गाण्यात देवांना आणि घरातल्या मेलेल्या माणसांना नावं घेऊन बोलावतात. शेवटच्या कडव्यांत त्यांची पाठवणी होते. मांडव नसताना धवला म्हणायचा नाही, हा तिचा नियम. "बोलावलं की येतात रे भाऊ," ती सांगायची. "आन् दारात हळद नाय दिसली तर? रिकाम्या हातानं जातील का?" मग मोठ्यानं हसायची. मला ते हसू आवडत नसे.

तिचा आवाज बसत चालला होता. सून मासळीबाजारात अडकलेली, शिकणारं कोणी नाही. नात दीपाली तेव्हा कॉलेजात. "तिच्या हळदीला तू नसलीस तर?" असं मी पुन्हा पुन्हा विचारायचो. आपण धवला रेकॉर्ड करून ठेवू, हा माझा हट्ट होता. "डबीत देव भरतोस काय?" म्हणून तिने कितीदा तरी उडवून लावलं. शेवटी नातीसाठी कबूल झाली.

अंधेरी स्टेशनजवळच्या दुकानात दुकानदाराने आवाज रेकॉर्ड करणारे दोन प्लेअर समोर ठेवले. "काका, समोर बसून गाणारा माणूस रेकॉर्ड करायचाय ना? मग हा ठोकळा घ्या. सेल बदलता येतात, बाहेरचा माइक लागतो. तो दुसरा ऐकायला झकास, पण बॅटरी आतली. मध्येच गेली तर वाट लागली." मी दुसराच घेतला. तो सडपातळ होता, शर्टाच्या खिशात बसत होता, आणि खरं सांगायचं तर मला फिरताना ऐकायला हवा होता. रेकॉर्डिंग त्यातही होतंच की.

ठरल्या दुपारी ती आली. मांडव नाही म्हणून आमच्या उंबऱ्यावर हळदीचं बोट ओढलं आणि हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी जमिनीवर बसली. बसलेल्या आवाजातही एकेक नाव स्पष्ट येत होतं. समुद्रात गेलेल्या नवऱ्याचं नाव आलं तेव्हा बाहेरच्या कावळ्यांचा ओरडा थांबला, किंवा मला तसं वाटलं. पाठवणी सुरू व्हायच्या आधीच प्लेअरवर लाल खूण दिसली. सकाळी फिरताना मी त्यावर गाणी ऐकली होती. चार्ज करायचं राहून गेलं होतं.

मी हात वर केला. "थांब बाय, बॅटरी चाललीय. उरलेलं उद्या."

"डबी मरू दे तुझी. मी म्हणून टाकते."

"उद्या पुन्हा म्हणावंच लागेल ना? गळा जप."

ती माझ्याकडे नाही, उंबऱ्याकडे बघत राहिली. मग काहीतरी पुटपुटली आणि उठली. दुसऱ्या दिवशी पहाटे बंदरावर मासळी घेताना ती कोसळली आणि तिथेच गेली.

"आजीने तुमच्याकडे काही गायलं होतं का, काका?" दिवस झाल्यावर दीपालीने विचारलं. मी म्हटलं, काहीच आलं नाही, यंत्र बिघडलं. तेव्हापासून कोळीवाड्यात म्हणतात, म्हातारीने विद्या कोणाला दिली नाही, आपल्याबरोबर नेली. मी हे ऐकत आलो आणि गप्प राहिलो. ती देत होती. हात वर करून थांबवलं ते मी.

आता दीपालीचं लग्न ठरलंय. परवा मी तिला घरी बोलावून सगळं सांगितलं आणि प्लेअर लावला. ती ऐकताना हसत होती, डोळे पुसत होती. आजोबांचं नाव आल्यावर तिने पदर डोक्यावर घेतला. मग माझा आवाज आला, "उरलेलं उद्या," आणि त्यानंतर, रेकॉर्डिंग बंद पडण्याआधी, जानकीबायचं ते पुटपुटणं: "आत आलेत रे भाऊ. बसलेत."

दीपालीने प्लेअर बंद केला. मग बाल्कनीच्या दाराकडे बघून हळूच म्हणाली, "काका, मग ते अजून इथेच आहेत?"