दामलेकाकांची मागची सीट

मागचं दार उघडलं, पाठ वळवली आणि बसलो. इतकी वर्षं माणूस मोटारीत असाच बसत आलेला असतो. सीट जागेवर आहे का, हे कोणी आधी हाताने चाचपून बघत नाही. मी सरळ पत्र्यावर आदळलो, आणि पत्र्यावरही कुठे, तर नेमका तिथे ठेवलेल्या जॅकवर. हातातल्या डब्याचं झाकण उडालं आणि मंडळाच्या सभेसाठी बायकोने तळून दिलेल्या अळूवड्या गाडीच्या छताला लागून माझ्या डोक्यावर परत आल्या.

पुढच्या सीटवरून नलूकाकू कळवळल्या, "अगंबाई! लागलं का हो? सांगायचं राहूनच गेलं. ह्यांनी सकाळीच सीट काढली."

स्टिअरिंगवर बसलेल्या दामलेकाकांनी मान वळवली नाही. आरसा थोडा खाली करून त्यात माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गावंडे, बसण्याआधी जागा बघावी. म्हैससुद्धा बघते."

माझी स्कूटर दुरुस्तीला गेली होती आणि काकूंनी, फक्त काकूंनी, "चला की आमच्याबरोबर" म्हणून हाक मारली होती. भोपाळच्या आनंद नगरपासून बिट्टन मार्केटपर्यंत मी बाजारात न्यायच्या बोकडासारखा उकिडवा बसून गेलो. प्रत्येक स्पीडब्रेकरला काका न चुकता सांगत होते, "धरून बसा. गाडी तुमच्यासाठी थांबणार नाही."

मला हा माणूस कधीच आवडला नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे माझ्या लिहिण्यात ओलावा आला तर तो माझा दुबळेपणा समजावा. दामलेकाका मूळचे पुण्याचे. नोकरीच्या निमित्ताने भोपाळला आले, इथल्या मोठ्या कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावरही आमच्या समोरच्याच घरात राहिले. गेल्या वर्षी मुलाकडे पुण्याला गेले. कारखान्यात ते तपासणी विभागात होते. लोकांनी केलेलं काम बघायचं आणि नापास करायचं, हा त्यांचा व्यवसाय. निवृत्तीचा कागद हातात पडला, पण त्यांना तो बहुधा लागू झाला नाही.

शर्टाच्या खिशात कायम एक छोटा टॉर्च. भाजीबाजारात भरदुपारी ते भेंडीवर टॉर्च मारून बघत. एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, "बाबूजी, सब्ज़ी है, एक्सरे थोड़ी निकालना है!" काकांनी टॉर्च बंद केला, "नापास" म्हणाले आणि पुढच्या ठेल्याकडे वळले. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला ते आले, तेव्हा आहेर दिला नाही, पण फरशीवर बोटाच्या पेराने टकटक करत सगळं घर फिरले आणि जिथे आवाज पोकळ येत होता तिथे खडूने फुली मारली. अकरा फुल्या. लोक फुल्यांवर पाट मांडून जेवले.

माझ्या मराठीवरही त्यांचा टॉर्च असेच. आम्ही नागपूरकडचे, वडील सरकारी कचेरीबरोबर इकडे आले आणि मी इथेच जन्मलो, त्यामुळे तोंडात हिंदी येते. मी "गाडी साइडला लावून घ्या" म्हटलं की ते विचारत, "लावून घेऊ? कपाळाला?" एकदा म्हणाले, "गावंडे, तुमची मराठी म्हणजे हिंदीला नेसवलेलं नऊवारी लुगडं आहे. आणि तेही सुटत आलेलं." मी हसलो. असल्या वेळी हसायचं नसतं, हे मला घरी आल्यावर कळतं.

आता सीटविषयी. पत्र्यावर आदळलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अंग चोळत त्यांच्या पोर्चमध्ये गेलो आणि विचारलं, "काका, सीट का काढली?"

"मागची सीट ही माणसाला बिघडवते," ते म्हणाले. "रिकामी दिसली की लोकांना कामं आठवतात. स्टेशनला सोडा, स्टेशनवरून आणा. मंडळात जायचंय, मिसरोदला जायचंय. पाय दिलेत ना देवाने? मी मोटार घेतली, धर्मशाळा नाही."

ही सीट त्यांनी गॅरेजमध्ये नेऊन काढली नव्हती. मेकॅनिकवर त्यांचा विश्वास नव्हता. त्या रविवारी सकाळी पोर्चमध्ये वर्तमानपत्रं अंथरून, एकट्याने, तीन तासांत घरीच काढली. आधी बसायची गादी. तिला पुढून झटका देऊन खटक्यांतून उचलायची. मग पाठ, तिचे बोल्ट चौदा नंबरच्या पान्याने सोडवायचे. मग कमरेच्या पट्ट्यांची बकलं. निघालेला प्रत्येक बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, आणि डब्यावर वळणदार अक्षरात चिठ्ठी: 'मागील पाठ, डावा, वरचा'. माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा इतक्या सुबक अक्षरात नव्हती. काढलेली सीट त्यांनी वरच्या गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवली आणि रोज सकाळी तिच्यावर बसून पेपर वाचायला लागले. रस्त्यावरून आम्हाला दिसायचं: मोटारीच्या मागच्या सीटवर मालक एकटा, पाय पसरून. कॉलनीच्या चौकीदाराने एकदा खालून विचारलं, "साहब, गाड़ी कहाँ गई?" काका वरून म्हणाले, "तुम्हारी अकल ढूँढने।"

इथवर मला तो नुसता विक्षिप्तपणा वाटत होता. खरं कारण एके दुपारी नलूकाकूंनी आमच्या स्वयंपाकघरात सांगितलं, माझ्या बायकोला. वैशाली ऐकत होती आणि मी पोहे खात असल्यामुळे मलाही ऐकू आलं.

नलूकाकूंची थोरली बहीण, अक्का, मिसरोदला एकटी राहायची. मुलगा परदेशात. दोन महिन्यांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला होता. बोलणं अडखळत का होईना परत आलं, पण डावा पाय ताठच राहिला, गुडघ्यात वाकेना. बिट्टन मार्केटजवळ व्यायाम करून घेणाऱ्या एक मॅडम होत्या, तिथे आठवड्यातून तीनदा न्यायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पहिल्या चार-पाच महिन्यांत पायात जे येईल ते येईल, नंतर आशा धरू नका. वाकत नसलेला पाय घेऊन अक्काला पुढे बसता येत नव्हतं. मागच्या सीटवर आडवं, पाय लांब करून बसावं लागायचं. रिक्षात ते जमेना. टॅक्सी मागवली तर ड्रायव्हर घाई करायचा; एकदा ती उतरताना पडलीही.

"चार वेळा नेली ह्यांनी," काकू म्हणाल्या. "पाचव्या वेळी मी म्हटलं, उद्या अक्काला आणायचंय. तर सकाळी उठून बघते, पोर्चमध्ये पेपर अंथरलेले."

वैशालीने कढईत उलथनं जरा जोरात आपटलं.

मग काकूंनी माझ्यासमोर हात जोडले. खरोखरच जोडले. माझा पोह्यांचा घास तसाच राहिला. पुतण्याच्या मुलाच्या मुंजीसाठी काका चार दिवस पुण्याला जाणार होते. काकू गुडघेदुखी सांगून मागे राहणार होत्या. गाडीची किल्ली कुठे असते ते त्यांना माहीत होतं, श्रीखंडाचे डबेही. "तेवढी सीट लावून द्या हो. तुमच्याशिवाय मी कोणाला सांगू?"

आयुष्यात मी एकदा भिंतीत खिळा ठोकला आहे, आणि तो शेजारच्या घरात निघाला. पण दोन बायका अपेक्षेने बघत असल्या की मी काहीही कबूल करतो.

काकांची पुण्याची रेल्वे सुटली त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी ती सीट जिन्यावरून खाली आणली. मी फोनवर व्हिडिओ लावला. त्यातली गाडी वेगळी होती, हे अर्ध्या तासाने कळलं. डबे ओळीने मांडले होते, पण एक डबा उचलताना दुसऱ्याला धक्का लागला आणि चिठ्ठ्या एकीकडे, बोल्ट दुसरीकडे. "सगळे सारखेच दिसतात," मी म्हणालो. वैशाली म्हणाली, "तुम्हाला." पाठ बसली, पण डावीकडून हलत होती. गादी खटक्यात जाईना, म्हणून मी तिच्यावर उड्या मारल्या. कसलासा आवाज झाला आणि ती गेली. एक बोल्ट उरला. तो मी खिशात घातला आणि कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीच गाडी चालवून अक्कांना मिसरोदहून आणलं आणि परत नेलं, चौथ्या दिवशीही मीच आणलं. लायसन्स जुनं, हात त्याहून जुना. अक्का मागे आडव्या, पाय लांब, आणि माझ्या प्रत्येक ब्रेकला पाठीकडून टक् असा आवाज.

चौथ्या दिवशी व्यायामाला जाण्याआधी अक्कांना चहासाठी म्हणून घरी आणलं होतं. पोर्चमध्ये गाडी उभी, अक्का मागे पाय पसरून बसलेल्या, काकू त्यांच्या हातात कप देताहेत, मी स्टिअरिंगवर. इतक्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि दामलेकाका उतरले. संध्याकाळी येणार होते, सकाळीच आले.

बॅग हातातच. त्यांनी काकूंकडे बघितलं नाही, अक्कांकडेही नाही. सीटकडे बघितलं. मग खिशातून टॉर्च काढला, वाकले आणि अक्कांच्या पायाखालून आत प्रकाश टाकला.

"कोणी बसवली?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"ह्याला बसवणं म्हणतात? बकलं कुठायत?"

"खालीच असतील कुठेतरी."

"खालीच असतील! गाडून टाकलीत तुम्ही ती सीटखाली. पट्टा लावणार कशाला, स्वतःच्या शेंडीला?" त्यांनी पाठ एका बोटाने ढकलली. टक्. "आणि हिला ह्याच्यावर बसवून मिसरोदहून आणलीत? जोरात ब्रेक लागला असता तर ही बाई सीटसकट मंडीदीपला पोचली असती."

"मी... उतरणार... नाही," अक्का म्हणाल्या. एकेक शब्द ओढून आणत होत्या, पण आणत होत्या.

काकू गाडीच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "सीट काढायची असेल तर हिला उचलून काढा," त्या म्हणाल्या. "मी हात लावणार नाही. गावंडे, तुम्हीही लावायचा नाही." मी तसाही लावणार नव्हतो.

काका बघत राहिले. मी बघत होतो की ते कोणाकडे बघतात. बायकोकडे नाही. ते पाठीच्या डावीकडची फट बघत होते. माणूस मेहुणीला फाटकाबाहेर ठेवू शकत होता, बायकोचे चार दिवस चोरीचे करू शकत होता. पण ती अर्ध्या इंचाची फट त्याला बघवत नव्हती.

"डबे आणा," ते म्हणाले. "अक्का, उतरा."

"काढाल," अक्का म्हणाल्या.

"काढणारच आहे. काढून परत लावणार आहे. असलं काम माझ्या गाडीत राहणार नाही."

अक्कांना आम्ही खुर्चीत बसवलं. त्यांनी सगळे श्रीखंडाचे डबे स्वतःच्या मांडीवर घेतले आणि उजव्या हाताने धरून ठेवले. एकेक मागितला की एकेक द्यायच्या. काका प्रवासाच्या कपड्यांतच पोर्चमध्ये बसले. गादी उपटली, बकलं वर काढली, पाठ सोडली, पुन्हा बसवली. "बोल्ट आधी बोटाने फिरवायचा, गावंडे. बोट अडलं तर थांबायचं. पाना हा शेवटी येतो. तुमच्याकडे सगळं पान्यानेच सुरू होतं." मग थांबून, "एक बोल्ट कमी आहे." मी खिशातून काढून दिला. त्यांनी तो माझ्या हातातून दोन बोटांनी उचलला, मेलेल्या पालीसारखा.

पाऊण तासाने सीट अशी बसली की जणू गाडी तिच्याभोवती बांधली होती. "आता चालवून बघायला हवी," काका म्हणाले. "मागे वजन पाहिजे. अक्का, बसा."

चालवत ते बिट्टन मार्केटला गेले, कारण व्यायामाची वेळ झालीच होती. आणि तिथे त्यांनी त्या मॅडमचं काम बघितलं. "पाय वाकवताहेत की पापड लाटताहेत!" घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं. पुढच्या खेपेला वही घेऊन गेले. गुडघा किती वाकला ते मोजायला कारखान्यातला कोनमापक घेऊन गेले. पुढचे तीन महिने, आठवड्यातून तीनदा, दामलेकाका अक्कांना नेत राहिले आणि दर वेळी नापास करत राहिले. "हा पाय आहे, शोकेसमधली बाहुली नाही. पुन्हा करा." अक्का चिडून रडत आणि पुन्हा करत. मला त्या काळात एकदाही लिफ्ट मिळाली नाही. "मागे वजन आहे," ते सांगत.

एके दिवशी अक्का काठी टेकत स्वतःच्या पायांनी आमच्या घरी आल्या. मी टाळ्या वाजवल्या. काका मागून आले, जमिनीवर टॉर्च मारून म्हणाले, "डावं पाऊल अजून घासतंय." तेवढंच. आता अक्कांना पुढच्या सीटवर बसता येतं म्हणून त्याच आठवड्यात रविवारी त्यांनी पोर्चमध्ये पेपर अंथरले.

सोमवारी सकाळी मी खिडकीतून बघितलं तर ते गॅलरीत सीटवर पाय पसरून पेपर वाचत होते. मला उगाचच भरून आलं. वैशालीला म्हणालो, "काही म्हण, अक्का चालायला लागल्या त्या ह्यांच्यामुळेच. मनाने वाईट नाही हो माणूस."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मनाचं तुमचं तुम्ही बघा. स्वतःच्या बहिणीला दवाखान्यात न्यायला नलूकाकूंना नवरा गावाला जायची वाट बघावी लागली. मला तेवढं पुरे आहे."